बोलका पाय

"वहिनी, एकदाच. काटकन वाजलं की झालं. मी उठते आणि पळते."

भिंगरी टेबलावर कुशीवर झोपली होती. वरचा गुडघा दुमडलेला, दोन्ही हात छातीशी. असं झोप म्हणून तिला सांगावं लागलं नव्हतं. गेल्या काही आठवड्यांत ते तिला पाठ झालं होतं. उशीवर अंथरलेला कागद तिच्या श्वासाबरोबर बारीक कुरकुरत होता. दाराशी तिची बॅग होती. तिची चेन अर्धीच लागली होती आणि धावण्याचे बूट लेसने बॅगेला बांधून बाहेर लटकवलेले होते. संघाची बस संध्याकाळी सुटणार होती. परवा निवडीची शर्यत होती, आणि त्या शर्यतीबद्दल बोलताना भिंगरीचं नाव सगळ्यांत आधी निघत होतं.

वहिनीने एक हात तिच्या खांद्यावर ठेवला आणि दुसरा कमरेखाली, मणक्यांचा शेवट जिथे कमरेच्या हाडाला मिळतो तिथे. इथून पुढचं काम हातांना माहीत होतं. अंगाचा भार थोडा पुढे न्यायचा, सांधा ताणाच्या टोकाला आणायचा, मग एक लहान, जलद झटका. काटकन.

तिने हात काढून घेतले.

"पाठीवर हो. आधी तपासते."

"अगं, परवाच तर तपासलंस!"

"परवाचं परवा."

"लोकांच्या नणंदा वहिनीला छळतात," भिंगरी पाठीवर होत म्हणाली. "आमच्या घरात सगळा उलटा कारभार."

दर वेळी माणसाला नव्याने तपासायचं, अगदी काल आला असला तरी, हा वहिनीचा नियम होता. बाहेर काउंटरवर बसणाऱ्या मावशी यावरून तिची थट्टा करत. मॅडम आरशात बघताना स्वतःलाही नाव विचारतात, असं त्या नव्या पेशंटला सांगत. दारावरच्या पाटीवर 'कायरोप्रॅक्टर' लिहिलं होतं. येणारे तिला हाडं बसवणारी म्हणत आणि ती त्यांना न कंटाळता सांगत असे की हाड कुठे उठून गेलेलं नसतं, ते बसवायचं कुठून. सांधा आखडतो, भोवतीचे स्नायू त्याला धरून बसतात, आपण तो मोकळा करतो. आवाज येतो तो सांध्यातल्या द्रवात बुडबुडा तयार होतो म्हणून. त्या आवाजात औषध नसतं. लोक माना डोलवत आणि आवाज आला नाही तर पावती न मिळाल्यासारखा चेहरा करून घरी जात.

धावणारे तिच्याकडे पुष्कळ येत. त्यांची दुखणी ठरलेली: टाच, नडगी, गुडघ्याची वाटी, मांडीची बाहेरची बाजू. बहुतेकांना हाताच्या उपचाराइतकीच काही दिवस कमी धावण्याची गरज असे आणि तेवढं एकच ते ऐकत नसत. भिंगरी डाव्या जांघेची तक्रार घेऊन आली तेव्हा तिची कंबर ताठ होती, खुब्याचे स्नायू दोरीसारखे झाले होते. वहिनीने कंबर मोकळी केली, ताण दिले, व्यायाम सांगितले, धावणं कमी कर म्हणून बजावलं. प्रत्येक उपचारानंतर दिवसभर हलकं वाटे, मग पुन्हा तेच. दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं म्हणतात. हे मुंगीच्या पावलांनी आलं होतं आणि जायचं नाव घेत नव्हतं.

वहिनीने डावा गुडघा वर घेऊन मांडी पोटाकडे दुमडली आणि पाय हळूच आतल्या बाजूला वळवला. नेहमी जिथपर्यंत जायचा त्याच्या बराच अलीकडे तो थांबला. भिंगरीचा चेहरा शांत होता. तिचा उजवा हात मात्र टेबलाची कड आवळून बसला होता, आणि बोटांची पेरं पांढरी पडली होती.

"दुखलं?"

"नाही."

"मग हात कशाला आवळलास?"

"सवय. टेबल पळून जाईल म्हणून." ती हसली. "जरा बोलतोय, एवढंच. तू काटकन कर ना. बाबा यायच्या आत."

बाबा म्हणजे मास्तर. वहिनीचे सासरे, भिंगरीचे वडील, आणि मैदानावरच्या सगळ्या पोरांचे प्रशिक्षक. त्यांच्या मैदानावर 'दुखतं' हा शब्द उच्चारायला बंदी होती. जो उच्चारेल त्याला एक फेरी जास्त. पोरांनी त्यावर तोड काढली होती. कोणाची नडगी दुखायला लागली की तो म्हणायचा, नडगी बोलतेय. मास्तरांना ते पसंत होतं. "बोलू दे," ते म्हणायचे. "आपण ऐकायचं नाही." मैदानावरचं हे बोलणं हळूहळू घरात आलं. वहिनी लग्न होऊन या घरात आली तेव्हा तिला त्याची गंमत वाटली होती. तिच्या कामात एकेका शब्दाला वेगळी किंमत होती. कळ वेगळी, ठणका वेगळा, सणक वेगळी, ठसठस वेगळी. कोणता शब्द माणूस निवडतो त्यावरून ती अर्धी वाट चालून जात असे. सासरी मात्र सगळ्याला एकच शब्द. भिंगरीने तो पहिल्यांदा तिच्यासमोर वापरला तो शर्यतीनंतर पोटऱ्या भरून आल्या होत्या तेव्हा. म्हणून वहिनीने मनाशी अर्थ लावून टाकला: बोलतो म्हणजे जड झालाय, आखडलाय. त्यापलीकडे काही नाही.

तिने पाय सरळ करून टेबलावर ठेवला.

"असं काय बघतेस?" भिंगरी म्हणाली. "एवढं काही नाही गं. ऐन वेळी मला नेहमीच काहीतरी होतं. मागच्या मोठ्या शर्यतीआधी दाढ नव्हती का? शर्यत झाली नि दुसऱ्या दिवशी काढली. दंतवैद्य म्हणाला, पू पार जबड्यापर्यंत गेलाय, इतके दिवस झोपत कशी होतीस?"

"मला आठवतंय ते." वहिनीचे हात पायावरच होते. "तेव्हा तू घरी काय सांगितलं होतंस?"

"काय सांगणार? दाढ बोलतेय म्हणून."

बाहेर मावशी फोनवर कोणाला तरी वेळ देत होत्या. वहिनीने त्यांचं वाक्य पूर्ण ऐकलं, त्यातला एकही शब्द तिच्या डोक्यात राहिला नाही. जबड्यापर्यंत पू गेलेली दाढ, आणि बोलतेय. तिने आपले दोन्ही हात भिंगरीच्या पायावरून अलगद उचलले, गरम भांड्यावरून उचलावेत तसे.

तिने स्टूल ओढलं आणि टेबलाशेजारी बसली.

"आता मी तुला काही विचारते. आधी विचारलंय तेच, पण वेगळ्या शब्दांत. नीट उत्तर दे. रात्री झोपलीस की पाय बोलतो?"

"बोलतो की."

"मी विचारलं होतं रात्री दुखतं का. तू नाही म्हणालीस."

"दुखत नाहीच. बोलतो."

"कूस बदलताना?"

"तेव्हा जरा मोठ्याने."

"धावताना कधी सुरू होतं?"

"आधी शेवटी शेवटी बोलायचा. आता..." भिंगरीने छताकडे बघितलं. "आता बूट बांधतानाच सुरुवात करतो. पण धावले की मी ऐकत नाही ना."

"चालताना?"

"जिन्यावर."

वहिनीने दुसऱ्या बाजूने विचारलं. "पाळी?"

"ती गप्प आहे."

"कधीपासून?"

"हिवाळ्यापासून. बरंच झालं, कटकट नाही. सगळ्याच धावणाऱ्या मुलींचं असं होतं, वहिनी."

"आणि जेवण? हिवाळ्यापासूनच कमी केलंस ना?"

भिंगरीने मान भिंतीकडे वळवली. घरात सगळ्यांनी ते पाहिलं होतं. तिच्या ताटात वाढलेलं अर्धं तसंच परत जाई, आणि मास्तर कौतुकाने म्हणत, पोरगी कशी पिसासारखी झालीय. वहिनीनेही पाहिलं होतं. जांघेचं दुखणं, अर्धं ताट आणि बंद झालेली पाळी, तिन्ही गोष्टी एकाच घरात, तिच्या अवतीभवती होत्या. तिने त्या एका ओळीत मांडल्या नव्हत्या.

तिने भिंगरीची टाच तळहातावर घेतली आणि दुसऱ्या हाताच्या मुठीने टाचेवर खालून हलकेच ठोकलं. दार वाजवावं त्याहूनही हलकं. भिंगरीच्या घशातून आवाज निघाला आणि तिने तो लगेच गिळला.

"आज काटकन नाही," वहिनी म्हणाली. "आणि तू या पायावर उभी राहू नकोस."

"काय?"

"मांडीचं हाड खुब्यात शिरण्याआधी वळतं ना, त्याला मान म्हणतात. तिथे भेग असावी असं मला वाटतंय. रोजच्या धावण्याने पडलेली. मला हाताने ती कळत नाही, एक्स-रेतही बऱ्याचदा दिसत नाही. एमआरआय करायला हवा. आज. आत्ता."

भिंगरी कोपरांवर उठून बसली. क्षणभर तिला वाटलं वहिनी थट्टा करतेय. मग तिने वहिनीचा चेहरा पाहिला.

"परवा शर्यत आहे."

"माहीत आहे."

"मग परवानंतर करू. एवढे दिवस धावले त्यावर, अजून एकदा धावेन."

"भेग अर्धवट असते तोवर ती भेग असते. आरपार गेली आणि हाड सरकलं, तर खुब्यातल्या गोळ्याला रक्त पोचत नाही. तो गोळा मरतो. मग शर्यत राहू दे, तू आयुष्यभर लंगडशील."

"असावी, असं वाटतंय, तर, जर," भिंगरी म्हणाली. तिचा आवाज चढला. "तुझी खात्री कशाची आहे ते सांग ना!"

"कशाचीच नाही. म्हणून तर स्कॅन."

"ठीक आहे. तू नको करूस. मैदानाच्या पायऱ्यांखाली मालिशवाला बसतो, तो पाय धरून असा ओढतो की सगळं जागच्या जागी जातं. सगळी पोरं त्याच्याकडे जातात." तिने पाय टेबलाखाली सोडले.

वहिनी तिच्यासमोर येऊन उभी राहिली. पाय धरून ओढतो. तिच्या डोळ्यांपुढे ते चित्र स्पष्ट उभं राहिलं. "तुला त्याच्याकडे जायचं असेल तर मला ढकलून जावं लागेल," ती म्हणाली. "आणि ढकलायला तुला दोन्ही पाय टेकावे लागतील."

त्याच वेळी दार उघडलं. मास्तर दार वाजवत नसत.

"झालं का बसवून? बस काही आपल्यासाठी थांबत नाही." त्यांनी बॅग उचलली, तिची चेन पूर्ण लावली आणि मग दोघींकडे बघितलं. "काय झालं?"

"वहिनी म्हणते माझा पाय मोडलाय," भिंगरी म्हणाली.

"मोडला असं म्हटलं नाही," वहिनी म्हणाली. "बाबा, तिला आज जाता येणार नाही. खुब्याच्या हाडात भेग असण्याची शक्यता आहे. आधी स्कॅन करू."

मास्तरांनी बॅग खाली ठेवली नाही. "हे कधी कळलं?"

"आत्ता."

"इतके आठवडे तूच हात लावतेस ना तिला? रोज घरी बसून जेवतो आपण. आणि कळलं आज, बस सुटायच्या वेळेला?"

"हो."

ती काहीतरी सबब सांगेल अशी त्यांची अपेक्षा असावी. नुसत्या होकाराने ते थबकले, पण क्षणभरच.

"घरचीच डॉक्टरीण," ते म्हणाले. "आपलेच दात आणि आपलेच ओठ. बाहेरची असती तर सुनावलं असतं."

"सुनावा ना. मी चुकले. ती बोलतो म्हणत होती आणि मी आखडलाय असं समजत होते. आधीच उलट विचारायला हवं होतं, विचारलं नाही."

"मग तेव्हा चुकलीस तशी आज चुकत नाहीस कशावरून?"

प्रश्न योग्य होता.

"चुकतही असेन," ती म्हणाली. "मी चुकीची निघाले तर हिची एक शर्यत जाईल आणि तुम्ही दोघं जन्मभर माझं तोंड बघणार नाही. तुम्ही चुकीचे निघालात तर ट्रॅकवर, सगळ्यांसमोर, हिचं हाड दोन तुकडे होईल. यातलं कुठलं परत जोडता येतं ते तुम्हीच सांगा."

"एक शर्यत!" मास्तरांचा आवाज बाहेर गेला असावा, कारण मावशींचं बोलणं थांबलं. "ती शाळेत होती तेव्हापासून या एका शर्यतीसाठी उन्हातान्हात... तुला काय कळणार? तू पुस्तकं वाचत होतीस तेव्हा." त्यांनी बॅग खांद्याला लावली आणि भिंगरीला म्हणाले, "उतर. डाव्या पायावर एक उडी मार. हाड मोडलेलं माणूस उडी मारत नाही. इतकी वर्षं पोरांना असंच तपासलंय मी, माझं कधी चुकलेलं नाही."

"उडी नको," वहिनी म्हणाली.

"उतर गं."

"बाबा, ती मारेल." वहिनी म्हणाली. "हाड मोडलं तरी मारेल. तुम्ही सांगितलंत ना, म्हणून मारेल. तिच्या बाबतीत त्या उडीवरून काहीच कळत नाही."

भिंगरी तिच्या बगलेतून सटकून खाली उतरली होती. टेबल आणि भिंत यांच्यामध्ये जेमतेम दोघी उभ्या राहतील एवढी जागा होती. वहिनीने तिचे दोन्ही दंड धरले. रोज माणसांची अंगं वळवणारे ते हात होते, त्यांत जोर होता. पण भिंगरीही काटक होती, आणि चिडलेली होती.

"सोड, वहिनी."

"नाही."

"सोड म्हणते ना! दादाला सांगेन मी!"

"सांग. तोही मला ओरडेल. उडी मारू नकोस."

भिंगरीने उजवा पाय उचलायला सुरुवात केली. वहिनीने तिला आपल्या अंगाशी ओढलं, तिचा सगळा भार स्वतःवर घेतला, आणि तिच्या खांद्यावरून सासऱ्यांकडे बघून म्हणाली, "तिला विचारा. तुम्ही बंद केलेला शब्द घालून विचारा. तुम्ही विचारल्याशिवाय ती सांगणार नाही."

खोलीतला पंखा तेवढा फिरत होता. पाठीच्या कण्याचा प्लास्टिकचा नमुना कोपऱ्यात टांगलेला होता, तो पंख्याच्या वाऱ्याने हलके डुलत होता. मास्तर त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी घसा साफ केला.

"दुखतं का गं?"

"नाही," भिंगरी म्हणाली. लगेच. विचारही न करता.

झालं, वहिनीला वाटलं. शेवटचं होतं तेही गेलं. आता ते हिला घेऊन जातील, हातात काही नाही. तिच्या कुशीत भिंगरीचं अंग ताठ झालेलं होतं आणि हृदय ससाणा मागे लागलेल्या पाखरासारखं धडधडत होतं.

पण मास्तर लेकीच्या तोंडाकडे बघत नव्हते. तोंड कसं ठेवायचं ते त्यांनीच तिला शिकवलं होतं. धावणारं माणूस दमलं आहे की नाही हे ते नेहमी पायांवरून ओळखत, आणि आत्ताही ते खाली फरशीकडे बघत होते.

"दोन्ही पायांवर उभी राहा," ते म्हणाले.

"उभीच आहे."

"टाच टेक."

डावी टाच जमिनीपासून किंचित वर होती. दाराखालून वारा यावा एवढीच फट. भिंगरीने खाली बघितलं, जणू तो पाय दुसऱ्या कोणाचा होता. मग तिने टाच टेकवली.

तिचा चेहरा बदलला नाही. फक्त त्यातला रंग निघून गेला, आधी ओठांवरून, मग कपाळावरून, आणि वरच्या ओठावर घामाचे बारीक थेंब उभे राहिले. तिची नखं वहिनीच्या दंडात रुतली. तिने अजून थोडा भार द्यायचा प्रयत्न केला.

"पुरे," मास्तर म्हणाले. "पुरे. उचल. उचल तो पाय."

बॅग त्यांच्या खांद्यावरून घसरून फरशीवर पडली. ती त्यांनी उचलली नाही. ते भिंतीला धरून स्टुलावर बसले.

वहिनीने भिंगरीला टेबलाच्या कडेवर टेकवलं आणि दार उघडलं. मावशी दाराला कान लावल्यासारख्याच उभ्या होत्या. "तुमची खुर्ची द्या," वहिनी म्हणाली, "चाकांची."

"घ्या ना. आयुष्यात पहिल्यांदा ती कामाला येतेय," मावशी म्हणाल्या, आणि कोणी हसलं नाही तेव्हा स्वतःच खुर्ची ढकलत आत आल्या.

त्यांनी भिंगरीला त्या खुर्चीवरून गाडीपर्यंत नेलं. डावा पाय वहिनीने हातात धरला होता. फुटपाथच्या प्रत्येक सांध्यावर चाकं अडत आणि प्रत्येक वेळी वहिनी तो पाय आणखी वर उचलून धरी. गाडीत मास्तरांनी एकदा घड्याळ पाहिलं. मग त्यांनी ते मनगटावरून काढून खिशात टाकलं.

स्कॅनच्या खोलीबाहेर बसायला लोखंडी बाक होता. यंत्राचा धडधडाट भिंतीतून येत होता. सासरे आणि सून एकाच बाकावर, मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा सोडून बसले. वहिनीला एकाच वेळी दोन गोष्टी हव्या होत्या, आणि त्या एकमेकींना छेद देत होत्या. स्कॅन स्वच्छ निघावा, म्हणजे पोरगी वाचली. आणि स्कॅन स्वच्छ निघू नये, कारण बस आता सुटली होती. दुसऱ्या इच्छेची तिला लाज वाटली. ती उठून पाणी पिऊन आली.

अस्थिरोगतज्ज्ञ बाई तरुण होत्या आणि घाईत होत्या. त्यांनी पडद्यावर चित्र लावलं आणि पेनाचं टोक एका पांढुरक्या रेषेवर ठेवलं. "ही. मानेच्या खालच्या बाजूने आहे आणि निम्म्याच्या आत आहे, म्हणून ऑपरेशन टळतंय. वरच्या बाजूने असती तर आजच स्क्रू घालावे लागले असते. कुबड्या. या पायावर जराही भार नाही. दर काही आठवड्यांनी पुन्हा चित्र घेऊ. आणि खाण्याकडे बघावं लागेल, रक्त तपासू, पाळीचं बघू. हाड उपाशी आहे तिचं." त्या मास्तरांकडे वळल्या. "धावायला पुढच्या वर्षी. तेही सगळं नीट झालं तर."

"होईल ना नीट?" मास्तरांनी विचारलं.

"आत्ता तरी हाड जागेवर आहे. परवा असतं की नाही ते मी सांगू शकत नाही."

वहिनी दारात थांबली. दोघं बाहेर गेल्यावर तिने विचारलं, "मी तिच्या कमरेवर उपचार करत होते. बरेचदा. त्याने ही वाढली असेल?"

डॉक्टरबाईंनी तिच्याकडे नीट बघितलं. "धावण्याने वाढली हे नक्की. तुमच्यामुळे नाही वाढली, असं लिहून मात्र मी देणार नाही."

"बरं," वहिनी म्हणाली. तिला याहून दुसरं उत्तर नको होतं. दुसरं कुठलंही तिने खरं मानलं नसतं.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. मास्तर पुढे गेले. जिन्याच्या वळणावर त्यांचा फोन वाजला, संघाच्या व्यवस्थापकाचा, आणि ते तिथेच थांबून हळू आवाजात बोलू लागले. त्यांचे शब्द खाली ऐकू येत नव्हते, मधल्या लांब शांतता तेवढ्या येत होत्या.

भिंगरी पहिल्या पायरीपाशी कुबड्या घेऊन उभी होती. रडून तिचे डोळे सुजले होते. इस्पितळापासून ती वहिनीशी एक शब्द बोलली नव्हती.

"एक हात कठड्याला," वहिनी म्हणाली. "दोन्ही कुबड्या दुसऱ्या बगलेत. आधी चांगला पाय वर, मग कुबड्या. डावा नुसता लोंबकळू दे."

"मला कळतं."

ती पहिली पायरी चढली. मग दुसरी. वहिनी एक पायरी खाली राहून मागे चालत होती, हात पुढे करून, पण न लावता.

"यापुढे माझ्या पायाला तू हात लावायचा नाहीस," भिंगरी पुढे बघत म्हणाली.

"बरं."

"मी दुसऱ्या कोणाकडे जाईन."

"जायलाच हवं. मी चांगली माणसं सांगते."

"तुझी माणसं नकोत मला."

"बरं."

"बरं बरं काय करतेस! भांड ना जरा!" भिंगरीचा आवाज फाटला. "ती दुसऱ्या नंबरची जाईल आता माझ्या जागी. ती मला कध्धीच हरवू शकली नसती, तुला माहितीये?"

"माहीत आहे."

कुबडी पायरीच्या गुळगुळीत कडेवरून सरकली. भिंगरी मागे झुकली, एकच क्षण, आणि वहिनीचा तळहात तिच्या पाठीवर येऊन घट्ट बसला. दोघी तशाच थांबल्या. डावा पाय हवेत होता. कुठेही टेकला नव्हता.

भिंगरीने श्वास घेतला, कुबड्या पुन्हा बगलेत लावल्या आणि पुढच्या पायरीकडे बघितलं. अजून जवळजवळ तीन मजले होते.

"हात काढू नकोस आता," ती म्हणाली.